थांबण्यास कारण की

दमलेल्या माणसांत बऱ्याच जाती असतात. काही जण रस्त्याच्या कडेला सायकल टाकून सरळ आडवे होतात आणि 'मेलो' म्हणतात. ही सज्जन जात. काहींचं शरीर ठणठणीत असतं, दमते ती सायकल: चेन कोरडी पडते, मागचा ब्रेक घासतो, टायरात हवा कमी वाटते. काहींना आपली काळजी वाटते. 'तू दमला असशील, बस थोडा,' म्हणत ते स्वतः आधी बसतात. या सगळ्यांबरोबर लांबचा प्रवास करता येतो, कारण त्यांच्या दमण्यात आपलंही दमणं खपून जातं.

आमचे गुर्जी यांपैकी कशातच बसत नाहीत. गुर्जी दमतच नाहीत. ते फक्त थांबतात. आणि थांबण्याचं कारण कधीही त्यांच्या छातीत, गुडघ्यात किंवा सीटवर टेकलेल्या भागात नसतं. ते रस्त्याच्या कडेला असतं, जमिनीखाली असतं, नाहीतर गेल्या दोन हजार वर्षांत कुठेतरी असतं.

गुर्जींनी शाळेत एक तासही शिकवलेलं नाही. नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयात, आस्थापना शाखेत त्यांची नोकरी गेली. लोकांचे रजेचे अर्ज त्यांच्या टेबलावरून पुढे जात, म्हणजे बहुधा जात नसत. 'सबळ कारण नमूद नाही' हा शेरा त्यांनी आयुष्यभर इतक्या अर्जांवर मारला की शेवटी तो त्यांच्या अंगात मुरला. स्वतः त्यांनी रजा जवळजवळ घेतलीच नाही. अर्जित रजा तीनशे दिवसांच्या वर साठवता येत नाही, म्हणून वरची सगळी वाया गेली, आणि हे ते आजही पदक दाखवावं तसं सांगतात. असा माणूस नुसता दम लागला म्हणून सायकलवरून कसा उतरणार? त्याला कारण लागतं, आणि तेही साहेबांपुढे टिकेल असं लागतं. हे साहेब कोण, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मीच तो, असं अलीकडे वाटायला लागलं आहे.

सायकलीचं खूळ त्यांना एकट्यालाच लागलं असं नाही. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्यानं बारा दिवसांच्या आत पुरी केली. पुढच्याच वर्षी ते मॉस्कोहून व्लादिवोस्तोकपर्यंत नऊ हजारांवर किलोमीटर पायडल मारत गेले. तेव्हापासून आमच्या गावात पन्नाशीतल्या माणसाच्या हाती कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट पडला की तो घरी येण्याआधी सायकलच्या दुकानात जाऊन येतो. गुर्जींच्या सायकलला एकवीस गिअर आहेत. त्यातले दोन ते वापरतात, बाकीचे राखीव आहेत. किंमत विचाराल तर ती विचारणारा कोण यावर ठरते. वहिनींना सांगितलेली किंमत सगळ्यांत कमी आणि डॉक्टरांना सांगितलेली सगळ्यांत जास्त.

त्यांच्याबरोबर हिंडून माझा एक सिद्धान्त तयार झाला आहे. गुर्जी जितके जास्त दमलेले, तितका इतिहास मागे जातो. ताजेतवाने असतात तेव्हा ते चालू शतकात असतात: पुलाचं कंत्राट, धानाचा हमीभाव, आमदारांची भांडणं. थोडी धाप लागली की इंग्रज येतात. मांड्या भरून आल्या की नागपूरकर भोसले. वारा समोरून असला की गोंड राजे. आणि मौर्य आले की आपण निमूट पाण्याची बाटली पुढे करायची, वाद घालायचा नाही.

दिवाळी होऊन गेलेली, हवेत गारवा आलेला. बेत असा होता की नागपूरहून उमरेड, भिवापूर करत पवनी गाठायची. दुसऱ्या दिवशी पवनीहून भंडारा, मोहाडी करत तुमसर. तिथून रामटेकमार्गे घर. पहिला दिवस गोडीत गेला. कऱ्हांडल्याच्या जंगलापाशी गुर्जी थांबले ते जय वाघासाठी. हा जय २०१३ साली नागझिऱ्यातून निघाला आणि शेतं, गावं, नद्या, महामार्ग ओलांडत कितीतरी किलोमीटर चालून इकडे आला. २०१६ मध्ये दिसेनासा झाला. "काय चालला असेल, लेका!" गुर्जी हँडलवर रेलून म्हणाले. वाघाला वाटेत पोहे-तर्रीचे ठेले लागत नाहीत, असं मी सुचवलं. पण गोष्ट चालू शतकातली होती, म्हणून मी निर्धास्त होतो.

दुसऱ्या दिवसाचं अंतर गुर्जींनी 'साठेक' सांगितलं होतं. त्यांच्या किलोमीटरांचं गोसीखुर्द धरणासारखं आहे. पवनीजवळच्या या धरणाची पायाभरणी राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ ला केली तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे तो अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. आमचे साठ ऐंशीच्या आसपास थांबले, म्हणजे त्या मानानं काटकसरच म्हणायची.

सकाळी सहाला, पायडलवर पाय पडायच्या आधीच गुर्जी म्हणाले, "जगन्नाथ टेकडी पाहून जाऊ."

माझ्या पोटात गोळा आला. पवनीची जगन्नाथ टेकडी म्हणजे थेट मौर्यकाळ. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून, शां. भा. देव आणि जे. पी. जोशी यांच्या देखरेखीखाली इथे उत्खनन केलं आणि मातीखालून भला मोठा स्तूप निघाला. मौर्यांपासून सातवाहनांपर्यंत त्याची बांधणी-वाढवणी चाललेली. वैनगंगेच्या काठी, आज बसची वाट पाहत लोक उभे असतात त्या गावात, बावीसशे वर्षांपूर्वी भिक्खूंची वर्दळ होती. हे सगळं खरं आणि थोर आहे. पण आदल्या दिवशीचे नव्वदेक किलोमीटर मांड्यांत ठेवून झोपलेला माणूस सकाळी सहालाच अशोकापाशी जातो, तेव्हा पुढचा दिवस कसा जाणार याचा अंदाज येतो. झोपेनं काही उतरलं नव्हतं.

टेकडीपाशी गुर्जी एका दगडावर बसले. बसण्याआधी तो पुरातत्त्वाच्या यादीतला नाही याची त्यांनी खात्री करून घेतली. डावा पाय लांब केला आणि मुचलिंद नागाची हकीकत सुरू केली. बुद्ध ध्यानाला बसले असताना पाऊस-वारा सुटला आणि या नागानं त्यांच्यावर फणा धरला. त्या मुचलिंदाचं शिल्प इथे सापडलं आहे. मग भार राजा भगदत्ताचा शिलालेख आला. मग उजवा पाय लांब झाला. मी घड्याळाकडे पाहिलं तसे ते म्हणाले, "घाई करून जिल्हा दिसत नसतो." ते उठले तेव्हा दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि तोंडातून 'अग आई' असं काहीतरी निघालं, पण ते पालीतही असू शकेल.

कोंढ्याच्या दिशेनं निघालो. या दिवसांत वारा उत्तरेकडून वाहतो आणि आम्हाला तर उत्तरेकडेच जायचं होतं. दोन्हीकडे धानाच्या बांध्या. कुठे धान कापून कडपा पसरलेला, कुठे पुंजणे रचून तयार, कुठे हार्वेस्टर घरघरत होता आणि त्याच्या मागे बगळ्यांची रांग. नव्या धानाचा वास आणि तोंडावर वारा. सपाट रस्त्यावरचा समोरचा वारा चढापेक्षा वाईट. चढ निदान दिसतो, आणि संपतो. वाऱ्याची तक्रार कुणाकडे करणार? चढाचं कौतुक करणारे लोक भेटतात, 'फार चढ होता हो' म्हटलं की मान डोलावतात. 'फार वारा होता' म्हटलं की ते म्हणतात, बरं झालं, उकडलं नसेल.

पहिला तलाव दिसला आणि गुर्जींनी ब्रेक दाबला. हा सापळा मी विसरलो होतो. भंडारा हा तलावांचा जिल्हा. ज्याला थांबायला तलाव चालतो त्यानं इथे सायकल आणणं म्हणजे उपाशी माणसानं पंगतींच्या गल्लीतून जाणं. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले. उताराचा अंदाज घेऊन मातीची पाळ घालायची, आणि पाणी कुठे थांबेल ते कुठल्याही यंत्राशिवाय नेमकं सांगायचं, ही त्यांची विद्या. पुढे हे तलाव मालगुजारांकडे आले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि 'माजी मालगुजारी' या लांबलचक नावाचं लोकांनी 'मामा तलाव' करून टाकलं. गुर्जी पाळीवर उभे राहून हे सांगत होते. पाळीवर चढायला त्यांना मध्ये एकदा थांबावं लागलं होतं, पण ते मातीचा थर पाहायला.

एवढ्यात धानाचं पोतं कॅरियरवर बांधलेल्या काळ्या सायकलवरून एक म्हातारा आला. आम्हाला पाहून उतरला.

"कोटी चालले जी?"

"तुमसरले," मी म्हणालो. इकडे आलं की जीभ आपोआप त्या वळणावर जाते.

"सायकलीनं? कावून, गाडी नाई भेटली?"

"हौस म्हणून."

त्यानं हौस हा शब्द जरा चघळून पाहिला. चव लागली नसावी. "मंग हौस सोडून उभे कावून?"

"तलाव पाहतोय," गुर्जी म्हणाले आणि कोहळ्यांपासून सुरुवात केली. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "थो तलाव तं आमच्याच गावचा होये. रोज पायतो मी. पायासारखं काई नाई त्याच्यात. तुमी दमले का जी?"

"छे, छे!"

"दमले असन तं बसा ना. झाडाखाली बसाले पैसे नाई लागत."

इतकी साधी, कागदपत्रांशिवाय मंजूर होणारी रजा गुर्जींना आयुष्यात कुणी देऊ केली नसेल. ते क्षणभर गडबडले. मग म्हणाले, "नाही, आम्हाला वेळेत पोचायचंय," आणि सायकलवर चढले. चढले खरे, पण तलाव नजरेआड होताच दुसरा तलाव आला. म्हातारा पोत्यासकट केव्हाच पुढे निघून गेला होता. पुढे एका ठेल्यावर तो चहा पीत बसलेला दिसला. आम्हाला पाहून त्यानं नुसता हात वर केला. त्याला बसायला ठेला पुरे होता, इतिहास लागत नव्हता.

अड्याळला एसटी उभी होती, जवळजवळ रिकामी. टपावर दोन सायकली सहज बसल्या असत्या. मी तसं म्हणताच गुर्जींनी मुंबईचे पारशी काढले. १५ ऑक्टोबर १९२३ ला सहा तरुण मुंबईहून सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, वाळवंटं आणि जंगलं तुडवून सुमारे ७१,००० किलोमीटर करून मार्च १९२८ मध्ये परत आले. "आणि तू अड्याळला एसटी म्हणतोस!" मी त्यांना सांगितलं की त्या तिघांना साडेचार वर्षं पुरली याचं कारण उघड आहे. गुर्जी बरोबर असते तर बॅबिलॉनच्या पडक्या भिंतींपाशीच १९२८ उजाडलं असतं. यावर ते हसले नाहीत. हसायलाही दम लागतो.

पहेल्यापासून कारध्यापर्यंत गुर्जी बोलले नाहीत. हे वाईट लक्षण. कारध्याला वैनगंगा आली आणि तिथला इंग्रजी अमदानीतला जुना, ठेंगणा पूल दिसला. मी मनातल्या मनात हुश्श केलं, कारण आम्ही इंग्रजांपर्यंत परत आलो होतो. गुर्जी कठड्याला टेकून नदीकडे पाहत राहिले. सिवनीकडून येणारी ही वैनगंगा पुढे वर्धेला मिळते आणि प्राणहिता होते. इथे मात्र गोसीखुर्दच्या फुगवट्यामुळे ती वाहते की उभी आहे, कळत नाही. "नदीसुद्धा थांबली आहे," मी म्हणालो. "तिला कारण आहे," गुर्जी म्हणाले.

भंडाऱ्यात जेवलो. इथे भात किती वाढू असं विचारत नाहीत, बस म्हणेपर्यंत वाढतात, आणि गुर्जी पुष्कळ वेळ बस म्हणाले नाहीत. तिसऱ्या वाढीला त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला आणि त्यांनी १९५४ ची पोटनिवडणूक काढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेला उभे होते आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. जो माणूस राज्यघटनेचा मसुदा करतो त्याला एक मतदारसंघ निवडून देत नाही, यावर गुर्जी अगदी तळमळून बोलत होते. ते बोलणं खरोखरच ऐकण्यासारखं होतं, पण मला त्याहून आनंद झाला तो विसावं शतक ऐकून. भातानं काम केलं होतं.

तो आनंद हात धुवेपर्यंत टिकला. बाहेर पडल्यावर गुर्जींना पितळेची आठवण झाली. भंडाऱ्याची तांब्या-पितळेची भांडी एकेकाळी लांबलांब जात. घरोघरी स्टील आलं आणि ठोकणाऱ्यांचे हात कमी झाले. एका दुकानात गुर्जींनी एक घंगाळ पाहायला मागितलं. दुकानदारानं ते स्टुलावर ठेवलं, आणि पाहायचं म्हणजे बसायला हवं म्हणून गुर्जींना दुसरं स्टूल दिलं. पाऊण तासात ते रतनपूरच्या कलचुरींपर्यंत गेले. तिथल्या शिलालेखात 'भाणारा' असं नाव येतं, तेच हे भंडारा, हे त्यांनी दुकानदाराला पटवलं. दुकानदारानं घंगाळाची किंमत सांगितली. सायकलवर घंगाळ नेता येत नाही हे तेव्हा गुर्जींच्या लक्षात आलं. दुकानदाराच्या ते आधीच लक्षात आलं असणार. तरीही त्यानं आतून पाणी मागवलं. या जिल्ह्यातली माणसं अशी आहेत.

वरठीपर्यंतचा रस्ता मी मान खाली घालून काढला. मान वर केली की वारा. इथे एक गंमत सांगायला हवी. भंडारा रोड नावाचं स्टेशन भंडाऱ्यात नाही, ते वरठीला आहे. तुमसर रोड तुमसरात नाही, देव्हाडीला आहे. गाडीनं येणाऱ्या माणसाला या अंतरांचा राग येतो. मला मात्र त्या दुपारी ही व्यवस्था देवानं केलेली वाटली, कारण आम्ही अनायासे स्टेशनच्या फाट्याशी होतो, आणि इथून गाडीत बसलं तर देव्हाडी हाकेच्या अंतरावर. मी नुसतं फाट्याकडे पाहिलं. गुर्जींनीही पाहिलं. आमच्यात त्या क्षणी जे झालं त्याला तह म्हणता येईल. पण तहाचा मसुदा कुणी लिहायचा, इथे अडलं. मी म्हणालो असतो तर ते 'तुझ्यासाठी' आले असते आणि पुढची सगळी वर्षं ती गोष्ट मित्रमंडळात सांगितली गेली असती. ते म्हणणार नव्हतेच.

"नागपूरहून राजनांदगावपर्यंत १८८२ पर्यंत रेल्वे झाली होती, माहीत आहे?" ते अखेर म्हणाले. "मीटरगेज. पुढे बंगाल नागपूर रेल्वेनं घेतली." आवाजात अशी काही ओढ होती की मला त्यांची दया आली. पण मीही मराठी माणूस. म्हणालो, "हो का?" आणि पायडल मारलं.

मोहाडीच्या अलीकडे एका गावात मंडई भरली होती. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते: पाळणे, जिलेबी, माहेरी आलेल्या मुली, लग्नाच्या पोरांवर लागलेले डोळे, आणि दिवसा दंडार नाहीतर खडी गंमत. रस्ता गर्दीनं भरलेला, सायकल हातात धरून चालण्याशिवाय इलाज नाही. गुर्जींचा चेहरा उजळला. इतकं निर्विवाद कारण दिवसभरात मिळालं नव्हतं. प्रत्यक्ष लोककला, तीही रस्ता अडवून. खडी गंमतीत नट उभे असतात म्हणून ती खडी. गुर्जींनी ती बसून, मग एका बाजूला कलून, आणि शेवटी डोळे मिटून पाहिली. ढोलकी त्यांच्या डोक्यापासून दोन हातांवर वाजत होती. शाहिरानं सवालात त्यांनाच ओढलं, 'शहरातून आलेले पाव्हणे घोरू लागले' अशा अर्थाचं काहीतरी जोडलं, आणि मंडप हसला. गुर्जी जागे होऊन सगळ्यांत आधी टाळ्या वाजवू लागले.

तिथून निघालो तेव्हा सूर्य कलला होता. चौंडेश्वरीला बाहेरूनच हात जोडले. आंधळगाव या बाजूला आहे, तिथे कोशाचं कापड विणतात, ते पाहायला हवं, असं गुर्जी म्हणाले, पण आता त्यांच्या 'पाहायला हवं'मध्ये पूर्वीचा जोर उरला नव्हता. लवकरच गोंड राजे आले. आंबागडचा किल्ला तुमसरच्या पुढे आहे. बख्त बुलंदच्या राजवटीत राजाखान पठाणानं तो बांधला, भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. "वाटेतच आहे," ते म्हणाले. तो वाटेत नव्हता. शिकवणीहून परतणाऱ्या तीन पोरी सरकारी योजनेतल्या सायकलींवरून गप्पा मारत आमच्या पुढे गेल्या. गप्पांत खंड पडला तो फक्त आम्हाला पाहून, "काका, हवा कमी हाय का?" एवढं विचारण्यापुरता. हवा ठीक होती. काकांचीच कमी होती.

अंधार पडला. माझ्या सायकलचा दिवा चालू होता, गुर्जींचा मिणमिणत विझला. मी टॉर्च काढायला थांबलो, तर गुर्जी रस्त्याच्या कडेला मातीवर चक्क बसले. टेकडी नाही, तलाव नाही, पूल नाही, देऊळ नाही. मी श्वास रोखून वाट पाहिली. आता काय काढतात? की आज, एकदाचं, ते म्हणणार?

"या मातीखाली काय आहे, सांग," गुर्जी म्हणाले.

"काय?"

"मँगनीज. चिखला, डोंगरी बुजुर्ग, या पट्ट्यातल्या खाणी. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांत जातं." विझलेल्या दिव्याकडे त्यांनी रागानं पाहिलं. "आणि हे खडक किती जुने? कॅम्ब्रियनपूर्व! तेव्हा झाड नव्हतं, पान नव्हतं, मासा नव्हता..."

माणूसच नव्हता. गुर्जी माणसाच्या मागे गेले होते. इतिहास संपला होता, आता फक्त खडक होते. सिद्धान्तात या पायरीची मी सोयच केली नव्हती. मी गुपचूप माझी गुळाची पुडी त्यांच्या हातात दिली, आणि त्यांनी ती अश्मयुगीन माणसानं खावी तशी खाल्ली.

तुमसरच्या दिव्यांत शिरताना वहिनींचा फोन माझ्या मोबाइलवर आला. गुर्जींचा बंद पडला होता.

"भाऊजी, पोचले का तुम्ही? हे कसे आहेत?"

"मस्त आहेत. अजिबात दमले नाहीत."

"ते मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "आज काय काय सांगितलं त्यांनी?"

मी चमकलो. जो सिद्धान्त मी इतक्या कष्टानं मांडला होता, तो त्यांच्या घरात रोज वापरात होता. वहिनी सांगू लागल्या, भाजीची पिशवी घेऊन जिना चढले की हे भोसल्यांवर येतात, आणि सिलिंडर आत ओढून आणला त्या दिवशी वाकाटक आले होते.

"अशोक झाला का?"

"तो सकाळीच झाला."

"अगं बाई. आणि आता?"

"आता माणूस जन्माला यायचा आहे. खडक चालू आहेत."

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. "त्यांना गरम पाण्यानं आंघोळ करायला लावा," वहिनी म्हणाल्या, "आणि तेल लावायचं म्हणू नका. म्हणा, जुन्या काळी मल्ल तेल कसं लावायचे ते दाखवा."

लॉजमधली आमची खोली तिसऱ्या मजल्यावर निघाली. लिफ्ट नव्हती. बॅगा घेऊन एक पोट्टा पुढे पळाला. पहिल्या मजल्याच्या वळणावर एका राइस मिलचं कॅलेंडर होतं. गुर्जींनी कार्तिकातली उरलेली सगळी व्रतं वाचली. दुसऱ्या मजल्यावर काहीच नव्हतं. चुन्याची कोरी भिंत आणि तिच्यावर आग विझवण्याचं लाल नळकांडं. गुर्जी त्याच्यासमोर उभे राहिले, एक हात भिंतीला.

पोट्टा वरून खाली डोकावला. "दमले का जी?"

"दमायला काय झालं?" गुर्जी म्हणाले. "हे वाचतोय. पिन ओढायच्या आधी सील तपासायचं असतं. शंभरातल्या नव्वद लोकांना हे माहीत नसतं."

पोट्ट्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नळकांड्याखालच्या पायरीवर केव्हाच बसलो होतो आणि बूट काढत होतो.

"तुमी पन वाचता का?"

"मला इथून अक्षर लागत नाही," मी म्हणालो. "गुर्जी, पहिल्यापासून वाचा. आणि सावकाश."